टायरला थंडी वाजते तेव्हा

दोस्तांनो, आमचं फैजपूर तुम्ही पाहिलंय का? जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला तापी नदी आणि मधल्या काळ्याभोर जमिनीत नजर पोहोचेल तिथवर केळीच केळी! इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचं नाव येतं, बरं का. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये इथेच झालं. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी आले होते. शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साध्या वस्तू वापरून अधिवेशनाची जागा सजवली होती. ऐन थंडीत एवढी माणसं उघड्या माळावर राहिली. त्यांनी रात्री कशा काढल्या असतील, हा विचार डिसेंबरात माझ्या मनात हटकून येतो.

कारण आमच्याकडची थंडी! खानदेशचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पण हिवाळ्याचं कुणी बोलत नाही. उत्तरेकडून गार वारं सुटलं, की पहाटेचं तापमान १० अंशांच्याही खाली उतरतं. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी होते आणि शाळेत निघायच्या घाईत ती उन्हात ठेवावी लागते. माणसं स्वेटर घालतात, मफलर गुंडाळतात. पण केळीच्या झाडानं काय करावं? केळीला थंडी मुळीच सोसत नाही. नवीन पानं येईनाशी होतात, घड नीट पोसत नाही, सालीवर काळपट छटा येते. आमच्याकडे म्हणतात, "केळीला चरका बसला." मग शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, कारण विहिरीतून नुकतं उपसलेलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. पहाटे फैजपूरहून सावद्याकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो धूर धुक्यात मिसळून बागांवर तरंगताना दिसेल.

त्याच रस्त्यानं केळीचे ट्रक निघतात. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमची केळी दिल्ली, पंजाब आणि थेट जम्मू-काश्मीरपर्यंत जात आली आहेत. घड हिरवे असतानाच कापतात, गाडीत भरतात, वर ताडपत्री पक्की आवळतात, की निघाली गाडी बऱ्हाणपूरच्या दिशेनं!

आता मुद्द्यावर येते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील असाच ट्रक चालवतात. एकदा आम्ही 'निरनिराळ्या देशांतला हिवाळा' असं काहीतरी वाचत होतो. तिथं बर्फाच्या देशात हिवाळा आला की गाडीचे टायर बदलतात, असं एक वाक्य आलं. पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा पण बर्फात जातात. काश्मीरला. मग ते टायर का नाही बदलत?"

वर्ग हसला नाही. तो घाबरून विचारत होता, हे सगळ्यांना कळलं होतं.

त्याला काय सांगायचं, यासाठी मी बरंच वाचलं, बऱ्याच जणांना विचारलं. ते सगळं आज तुम्हालाही सांगते.

आधी एक करून बघा. च्युइंगम चांगलं मऊ होईपर्यंत चघळा आणि त्यावर एक घोट गार पाणी प्या. काय झालं? च्युइंगम एकदम घट्ट! तोंडात थोड्या वेळानं ऊब आली की पुन्हा मऊ. रबराचंही साधारण असंच असतं. पूर्वी तर रबराची अवस्था फारच वाईट होती. उन्हाळ्यात वितळल्यासारखं चिकट व्हायचं आणि हिवाळ्यात लाकडासारखं कडक होऊन तडकायचं. रबराचे बूट, रबराचे कोट लोक हौसेनं घ्यायचे आणि एका मोसमात फेकून द्यायचे. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा कुठे थंडी-उन्हात टिकणारं रबर जन्माला आलं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला राहणाऱ्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर बनवला. तुमच्या सायकलचा टायर त्याचाच वंशज!

पण गंधकानं रबर सुधारलं तरी त्याचा मूळ स्वभाव पुरता गेला नाही. थंडीत ते थोडंफार आखडतंच. आता हात पुढे करा आणि तळवा बघा. मोटारगाडीचं एक चाक रस्त्याला टेकतं, ते जेमतेम तुमच्या बाबांच्या तळव्याएवढ्या जागेत. चार चाकं म्हणजे चार तळवे. सगळी गाडी, आतली माणसं, डिकीतलं सामान, सगळं त्या चार तळव्यांच्या भरवशावर पळत असतं. रबर मऊ असेल तर ते रस्त्यावरच्या बारीक खडबडीत दाणेदारपणात रुतून बसतं आणि पकड घेतं. कडक झालं की वरच्यावर घसरतं. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते खरी, पण थोडी पुढे जाऊन. आणि त्या 'थोडी पुढे' मध्येच कुणीतरी रस्ता ओलांडत असतं.

थंड देशांतले तज्ज्ञ ढोबळ हिशेब सांगतात तो ७ अंशांचा. तापमान सतत ७ अंशांच्या खाली राहू लागलं, की साधा टायर कडक पडू लागतो, मग बर्फ असो की नसो. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं. ते गोठणबिंदूच्या खालीही लवचीक राहतं. त्याच्यावरची नक्षी खोल असते. शिवाय त्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, मिटतात आणि बर्फाला जणू नखांनी धरतात. आणखी एक गंमत! टायरच्या खोल खाचांत भुसभुशीत बर्फ भरून बसला तर तुम्हाला वाटेल, आता टायर घसरणार. पण होतं उलटंच. बर्फ बर्फाला चिकटतो. बर्फाचा गोळा करताना तो दाबला की कसा घट्ट होतो? तसंच. खाचांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो आणि गाडीला पकड मिळते.

असा टायर पहिल्यांदा कुणी बनवला? फिनलंडच्या लोकांनी. तिथं हिवाळा महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. १९३४ मध्ये तिथल्या एका रबर कारखान्यानं ट्रकसाठी बर्फाचा टायर काढला आणि मोटारींसाठीचा काढला १९३६ मध्ये. म्हणजे आमच्या फैजपुरात अधिवेशन भरलं, त्याच वर्षी! कारखाना होता नोकिया नावाच्या गावात. हो, हो, तोच नोकिया! १९६७ मध्ये रबराचा, कागदाचा आणि तारांचा असे तीन उद्योग एकत्र येऊन जी मोठी कंपनी झाली, तिनं पुढे मोबाइल फोन बनवले. आई-बाबांना विचारा, त्यांचा पहिला फोन कुठला होता ते.

माझी मावसबहीण जर्मनीत म्युनिकला असते. पहिल्या वर्षी तिला हा सगळा प्रकार उधळपट्टी वाटला होता. गाडीला चार टायर असताना आणखी चार घ्यायचे? आणि उन्हाळ्यात ते ठेवायचे कुठे? त्यावर तिकडे सोय आहे. टायरवाले दुकानदार पैसे घेऊन तुमचे टायर सांभाळतात. त्या जागेला चक्क 'टायरचं हॉटेल' म्हणतात! ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर गाडीला आणि उन्हाळी टायर हॉटेलात. बाकीचे महिने उलट. जर्मनीत २०१० पासून कायदाच आहे, की रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर तारखाच ठरलेल्या आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च. टायर खरोखर हिवाळी आहे हे ओळखायला त्याच्या कडेवर एक खूण असते, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी.

खर्चाचंही एक गणित आहे, ते बहिणीनंच मला समजावलं. आठ टायर घेतले तरी एका वेळी चारच झिजतात. चार पळतात तेव्हा चार विसावा घेतात. म्हणजे दोन्ही जोड जास्त वर्षं चालतात. पूर्ण दुप्पट खर्च काही होत नाही. हॉटेलचं भाडं आणि टायर बदलायची मजुरी मात्र जास्तीची. "पहिल्यांदा बर्फ पडला आणि उतारावर शेजाऱ्यांची गाडी ब्रेक लावूनही संथपणे खाली घसरत गेलेली पाहिली, त्यानंतर मी भाड्याचा हिशेब करणं सोडलं," असं ती म्हणाली.

हे झालं जर्मनीचं. पण त्या मुलाचा प्रश्न होता वडिलांच्या ट्रकबद्दल. त्याचं उत्तर मला म्युनिकमध्ये नव्हे, उधमपूरला मिळालं.

माझ्या नणंदेचे यजमान सैन्यात आहेत. २०२३ च्या जानेवारीत त्यांची नेमणूक उधमपूरला होती. आम्ही रजा काढून त्यांच्याकडे गेलो. भुसावळला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलो ते जम्मूला उतरलो. भुसावळ सोडल्यावर गाडी सावदा, रावेर ही आपली स्टेशनं मागे टाकते, तेव्हा खिडकीतून केळीच्या बागा दिसतात. दुसऱ्या दिवशी पंजाबात डोळे उघडावेत तर बाहेर धुक्याशिवाय काही नाही. जम्मूहून उधमपूर बसनं गाठलं. हा डोंगराचा रस्ता पुढे श्रीनगरला जातो.

उधमपूरच्या बाहेर रस्त्याच्या कडेला ट्रकची रांगच रांग लागली होती. पुढे रामबनकडे दरड आली होती आणि वर बर्फ पडत होता. वाट मोकळी होईपर्यंत पोलीस मोठ्या गाड्या सोडत नाहीत. मी सहज नंबर वाचत चालले होते आणि एकदम दिसलं, 'एमएच १९'. आपल्या जळगावचा नंबर! सतराशे किलोमीटरवर! ट्रकखाली स्टोव्हवर चहा उकळत होता आणि क्लीनर पोरगा हात शेकत होता.

मी विचारलं, "कुठले भाऊ तुम्ही?"

"सावद्याचा. तुम्ही?"

"फैजपूर."

मग काय, चहा घ्यावाच लागला. गाडीत केळीच होती. दोन दिवस झाले, गाडी जागेवर उभी होती. मी विचारलं, "मग आता निघणार कधी?"

"पोलीस सोडतीन तव्हा. घाई करून काय कराचं, ताई? इथं गाडी पळवता येणाऱ्याले कोनी विचारत नाही. थांबता येते का, ते पाहतात."

केळीचं काय होणार, ही काळजी त्यांना होतीच. केळ्यांना १३ अंशांच्या खालची थंडी लागली, की साल करडी-काळपट पडते आणि मग फळ नीट पिवळं होत नाही. व्यापारी भाव पाडतो. म्हणून गवत, केळीची सुकी पानं, गोणपाट आणि वर दुहेरी ताडपत्री. बघा, एकाच गाडीत दोन थंडीच्या काळज्या. वर केळीची, खाली टायरची.

टायरचं मी विचारलंच. ते उठले आणि पाटीखालच्या पेटीतून खळखळ आवाज करत एक लोखंडी जाळं बाहेर ओढलं. "ह्या पाहा चेना. बर्फ लागला का मागच्या चाकाले बांधाच्या, बर्फ सरला का सोडाच्या. सोडल्या नाही तं टायरबी खाते अन् रस्ताबी."

पेटीतल्या त्या साखळ्या हेच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. आता विचार करा. फैजपूर ते जम्मू साधारण सतराशे किलोमीटर. त्यात इंदूर आलं, आग्रा आलं, दिल्ली आली. जानेवारीतसुद्धा दुपारी इंदूरकडचा रस्ता चांगला तापलेला असतो. हिवाळी टायरचं मऊ रबर अशा रस्त्यावर भराभर झिजतं. शिवाय उष्ण रस्त्यावर त्याची पकडही कमी पडते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. म्हणजे सतराशे किलोमीटर नुकसान सोसायचं, ते कशासाठी? शेवटच्या थोड्याशा बर्फासाठी. ट्रकवाल्यांचा साखळीचा हिशेब इथं अगदी बरोबर आहे. बर्फ आहे तेवढ्यापुरतं लोखंड बांधा, आपले नेहमीचे टायर तसेच ठेवा.

आणि ते बर्फाचं अंतरही आता कमी झालंय. पूर्वी उधमपूरकडून जाणारी वाट पटनीटॉपच्या उंच डोंगरावरून जायची आणि बनिहालच्या पुढे १९५६ मध्ये झालेल्या जवाहर बोगद्यातून काश्मीरच्या खोऱ्यात उतरायची. तो बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर. म्हणजे बोगद्याच्या तोंडापर्यंत पोहोचायलाच बर्फ तुडवावा लागे. एप्रिल २०१७ मध्ये चेनानी ते नाशरी हा ९ किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला आणि पटनीटॉपची चढण टळली. २०२१ मध्ये बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा दुसरा बोगदा वाहतुकीला खुला झाला. तो जुन्या बोगद्यापेक्षा सुमारे ४०० मीटर खाली आहे. डोंगराच्या पोटात बर्फ कुठला पडतोय? जून २०२५ पासून तर कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही जाते. रस्ता बंद पडायचं मुख्य कारण म्हणजे दरडी. त्या मात्र अजून कोसळतात, आणि दरडीपुढे कुठलाच टायर कामाचा नाही.

दोन दिवसांनी ऊन पडलं. आम्ही टॅक्सीनं पटनीटॉप बघायला निघालो. वाटेत कूद नावाचं गाव लागतं. तिथला पतीसा फार प्रसिद्ध आहे. सोनपापडीचा थोरला भाऊच म्हणा ना, साजूक तुपातला आणि गरम गरम! पण पतीसा खाऊन वर निघालो आणि एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. समोर रस्ता कोरडा, काळा, ऊन पडलेला. पुढच्या वळणावर मात्र देवदारांची सावली होती आणि सावलीत रस्ता काचेसारखा चमकत होता. "दिखता नहीं, पर बर्फ है," ड्रायव्हर म्हणाला. रात्री पाणी गोठून झालेला पातळ थर. तो डांबराच्याच रंगाचा दिसतो. आमचा ड्रायव्हर म्हणाला, भुसभुशीत पांढऱ्या बर्फाची त्याला भीती वाटत नाही, याची वाटते. आणि जेव्हा तो बर्फ जरा वितळायला लागतो, वर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो, तेव्हा तो सगळ्यात निसरडा. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानानं बरा!

त्यानं पंधरा मिनिटांत साखळ्या चढवल्या. मग गाडी खडखड खडखड करत, अगदी बैलगाडीच्या चालीनं वर गेली. आतले दात वाजत होते, ते थंडीनं की साखळ्यांनी, कुणास ठाऊक! साखळ्या बांधून जोरात गाडी हाकताच येत नाही. परत येताना कोरडा रस्ता लागताच त्या सोडल्या.

तिथं आमच्या शेजारून एक नवीकोरी, चारही चाकं ओढणारी मोठी गाडी भुर्रकन वर गेली. साखळ्या नाहीत, काही नाही. माझ्या मुलाला त्या गाडीचं फार कौतुक वाटलं. पण आमचा ड्रायव्हर मान हलवत राहिला. चारही चाकांना इंजिनाची ताकद असली की गाडी चढते झकास. पण थांबायचं असतं तेव्हा काय? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबवतात ते टायर, इंजिन नव्हे. पालकांनो, डिसेंबरच्या सुटीत आपल्याकडून बरेच जण स्वतःच्या गाडीनं मनालीला, काश्मीरला जाऊ लागले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आठ दिवसांच्या सहलीसाठी हिवाळी टायर विकत घेणं मला तरी पटत नाही. टायर नवे-चांगले असावेत, आपल्या चाकाच्या मापाच्या साखळ्या जवळ असाव्यात आणि त्या बांधायची तालीम इथंच अंगणात एकदा करून घ्यावी. तिकडे बोटं बधिर झाल्यावर शिकणं अवघड. बर्फ जास्त असेल तर आपली गाडी खाली ठेवून तिथल्या टॅक्सीनं जावं, हे उत्तम. तिथल्या ड्रायव्हरला प्रत्येक वळणाची सावली पाठ असते.

मात्र तुमचा कुणी मामा किंवा काका कारगिल, द्रास, लेहकडे राहत असेल, किंवा कुणी कॅनडा-जर्मनीत नोकरी करत असेल, तर त्याचं गणित निराळं. जिथं महिनोन् महिने पारा ७ अंशांच्या वर येतच नाही, तिथं हिवाळी टायर चैनीची वस्तू नाही. रोज सकाळी बर्फ असो-नसो, शाळेत मुलांना सोडायला जायचंच असतं. रोज साखळ्या कोण बांधणार आणि सोडणार?

आणि आपल्या फैजपुरात? आमच्याकडे पहाटे पारा कधी ७-८ अंशांपर्यंत घसरला, तरी दुपारी तो पुन्हा २७-२८ वर. टायरला थंडी वाजायच्या आत ऊन येतं! इथं हिवाळी टायर घालणं म्हणजे मे महिन्यात घोंगडी पांघरण्यासारखं आहे. आपल्या हिवाळ्यातला धोका वेगळाच आहे. पहाटेचं धुकं, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली आणि गोटा झालेले टायर. नक्षी पार झिजून टायर गुळगुळीत झाला की आमच्याकडे त्याला 'गोटा झाला' म्हणतात. दवानं ओल्या झालेल्या रस्त्यावर गोटा टायर म्हणजे शेवाळावर चालणंच. मोटारीच्या टायरवर कमीत कमी १.६ मिलिमीटर खोल नक्षी असावी, असा आपल्याकडे नियम आहे. ती मोजायला उपकरण लागत नाही. काडेपेटीतली एक काडी घ्या. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असते. टायरच्या खाचेत ती आडवी ठेवा. काडी खाचेतून वर डोकावली, तर बाबांना टायरच्या दुकानात घेऊन जा! सुटीच्या दिवशी घरची, शेजारची, ट्रॅक्टरची, सगळी चाकं तपासा. काहींच्या चेहऱ्यावर जरा नाराजी दिसेल, पण चालायचंच.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी परत आल्यावर साखळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "त्या तर आमच्या घरी पण आहेत. आई त्यांना गंज लागू नये म्हणून तेल लावून ठेवते." घरात पडलेलं ते जड लोखंड कशासाठी असतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता एक प्रयोग सांगते. एक फुगा फुगवा, घट्ट गाठ मारा आणि त्याच्या पोटाभोवती दोरा धरून माप घ्या. मग फुगा फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा आणि पुन्हा मापा. तो आकसलेला दिसेल. हवा गार झाली की तिचा दाब कमी होतो. टायरमध्येही तेच. मे महिन्याच्या ४५ अंशांत मोटारीच्या टायरमध्ये बरोबर ३२ पौंड हवा असेल आणि एक थेंबही गळती नसेल, तरी जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे तो दाब पाचेक पौंडांनी कमी भरेल. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, कडेनं झिजतो, डिझेल-पेट्रोलही जास्त खातो. म्हणून थंडी सुरू झाली की पंपावर जाऊन हवा एकदा तपासून घ्यायची. तीही सकाळी, गाडी फार लांब पळवण्याआधी, कारण गाडी पळाली की टायर तापतो आणि दाब चढलेला दिसतो. तुमच्या सायकलला हवा भरताना दुकानदाराला काटा बघू द्यायला सांगा आणि आकडा वहीत टिपून ठेवा. पुन्हा काटा बघाल तो मे महिन्यात. तोवर मात्र वही हरवू नका.